दौलतला का मारलं?

ताईचे सासरे हे अख्ख्या इंदूरमधले सगळ्यात भित्रे गृहस्थ होते, आणि त्यांनी स्वतःच्या हातानं डझनभर माणसं मारली होती. ही दोन्ही विधानं खरी आहेत. माणसं त्यांनी कागदावर मारली ही गोष्ट वेगळी, पण ज्यांनी या गृहस्थांना कुकरच्या शिट्टीला घाबरून अंगणात पळताना पाहिलं आहे, त्यांना कागदावरचे खूनसुद्धा पटणं कठीण. कुकर गॅसवर चढला की काका, आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणायचो, चपला घालत. तिसरी शिट्टी झाल्यावर खिडकीतून "झाली का?" असं विचारत आणि होकार आला तरच घरात येत. पाल दिसली की खुर्चीवर चढत, आणि ताईच्या सासूबाई केरसुणी घेऊन आल्या की खुर्चीवरूनच "जपून गं, जपून" अशा सूचना देत. घरात नवीन टेलिफोन आला तेव्हा रिंग वाजल्यावर ते आधी चष्मा लावत, मग केसांवरून हात फिरवत, मग रिंग थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत उभे राहत. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला कानात घातलेला कापूस तुळशीच्या लग्नालाच बाहेर निघे, आणि तोवर आमच्या राजेंद्र नगरातले सगळे त्यांच्याशी हातवारे करून बोलत.

आणि या माणसाचं वाचन कसलं, तर हेरकथा. दाराला आतून कडी, पाठ भिंतीला टेकलेली, पाय खुर्चीवर वर घेतलेले, आणि हातात पिस्तुलाचं चित्र असलेलं पुस्तक. एकदा मी मागून जाऊन "काका, चहा" एवढंच म्हणालो, तर पुस्तक एकीकडे, चष्मा दुसरीकडे आणि काका पलंगाखाली, अशी वाटणी झाली. मी विचारलं, एवढी भीती वाटते तर वाचता कशाला? ते म्हणाले, "अरे, भीती मला तशीही वाटतेच. निदान तिला काही कारण असावं."

लालबागेच्या जत्रेतली हकिकत तर आमच्या दोन्ही घरांत लग्नकार्याला सांगितली जायची. ते दिवस असे होते की स्टेशनवर, बसस्टँडवर, सिनेमाच्या पडद्यावर सारखं सांगत असत, बेवारस वस्तूला हात लावू नका. काकांना ते सांगायची गरज नव्हती, ते वारस असलेल्या वस्तूलाही हात लावत नसत. तर जत्रेत एका बाकाखाली त्यांना एक कापडी पिशवी दिसली. त्यांनी लांबूनच कान दिला. आतून टिकटिक येत होती. काकांनी जी बोंब ठोकली, तिनं आकाशपाळणा थांबला, पाणीपुरीवाल्यानं गाडी सोडली, आणि दोन पोलीस आले तेही लांबच उभे राहिले. एवढ्यात सासूबाई गर्दीतून वाट काढत आल्या, पिशवीत हात घातला, आणि गजराचं घड्याळ बाहेर काढलं. अर्ध्या तासापूर्वी काकांनीच घासाघीस करून घेतलेलं. ते बाकावर बसले होते तेव्हा पिशवी त्यांनीच खाली ठेवली होती. पाणीपुरीवाला पुढे कितीतरी वर्षं त्यांना पाहिलं की इंदुरी ढंगात भैयाचं भिया करून विचारायचा, "काय भिया, आज घडी नाही आणली?"

काका मिलमध्ये टाइमकीपर होते. हजेरी घ्यायची, उशिरा आलेल्याला दोन शब्द सुनावायचे. सुनावायची भीती वाटे म्हणून उशिरा येणाऱ्याला ते "तब्येत बरी आहे ना?" एवढंच विचारत. मग एक दिवस मिल बंद पडली. आधी एक पाळी गेली, मग दुसरी, मग भोंगाच गेला. बाजारात त्याच सुमारास परदेशी सरबतांच्या बाटल्या आल्या, छपराछपरावर केबलच्या तारा आल्या, आणि जो तो म्हणू लागला की आता देश उघडला. काका म्हणायचे, उघडला असेल, आमचं गेट तेवढं लागलं. ते रोज डबा घेऊन वाचनालयात जाऊन बसू लागले. आम्हाला वाटलं, वर्तमानपत्रं चाळत असतील. आणि वर्षभरानं त्यांनी मला त्यांच्या मागच्या अंगणात बोलावून सुतळीनं बांधलेला गठ्ठा हातात दिला. अतिरेक्यांवरची हेरकथा. पुण्याच्या एका प्रकाशकाला पाठवायची होती. पोस्टात ते स्वतः जाणार नव्हते, कारण खिडकीतल्या माणसानं "आत काय आहे?" असं विचारलं तर तोंडून "बॉम्ब" निघून जाईल अशी त्यांना धास्ती होती. लेखकाचं नाव खोटं, भारदस्त, मिशा असल्यासारखं. कोणाला सांगणार नाही अशी त्यांनी माझ्याकडून शपथ घेतली. सासूबाईंनाही नाही.

पुस्तक छापलं गेलं याचा पहिला धक्का मला बसला. दुसरा ते वाचल्यावर बसला. इतके सभ्य अतिरेकी मी कुठे पाहिले नाहीत. टोळीचा म्होरक्या आपल्या साथीदारांना अहो-जाहो करतो. कोणाच्या घरात शिरायचं तर चपला बाहेर काढतो. आपला हेर गुंडांचा पाठलाग करता करता कचोरी खायला थांबतो, आणि गुंडही पुढच्या वळणावर पोहे खात असतात म्हणून तो त्यांना गाठतो. तरीही पुस्तक हातातून सुटत नाही हे मात्र मला मान्य करावं लागलं. गोळीबारात डझनभर गुंड पडतात, शेवटी उरलेली टोळी पकडली जाते, शहर वाचतं. फक्त एकच बॉम्ब फुटतो, बंद मिलच्या गेटसमोर, चहाच्या गाडीजवळ. तिथे दौलत नावाचा एक जॉबर, म्हणजे मागांवर देखरेख करणारा मिलमधला जुना माणूस, बाकावर बसलेला असतो. कोणाची तरी पिशवी राहिली म्हणून ती उचलून तो तिच्या मालकाला हाका मारत धावतो, आणि ती हातातच फुटते. एवढंच. कथेशी त्याचा काही संबंध नाही. चार पानांत येतो आणि जातो.

आमच्या वाचनालयानं ते पुस्तक घेतलं आणि काकांनी मला हेर नेमलं. दर रविवारी संध्याकाळी त्यांनी वर्तमानपत्र उघडून त्याच्यामागे बसायचं आणि मी सभासदांना विचारायचं, कसं वाटलं? मतं म्हणाल तर जितकी तोंडं तितकी. तुकोगंजात दवाखाना असलेले एक दातांचे डॉक्टर म्हणाले, केबलवर याहून भारी दाखवतात, यात काही दम नाही. निवृत्त हेडमास्तर म्हणाले की भाषा वाईट नाही, पण अतिरेक्यांच्या तोंडी "कृपया" शोभत नाही. कॉलेजातल्या एका मुलीची तक्रार होती की हेराला प्रेमिका नाही, मग तो जगतो कशासाठी? जवळच्या महूच्या छावणीतल्या फौजी घराण्यातले एक निवृत्त सुभेदार होते, त्यांनी तर पुस्तक टेबलावर आपटलंच. "असं पिस्तूल असतंच नाही भिया. आणि ये बॉम्ब काय आहे? एवढ्याशा पिशवीत एवढा धमाका? लिहिणाऱ्यानं कभी फटाकासुद्धा फोडला नसेल." काकांनी वर्तमानपत्र आणखी वर धरलं. सुभेदारांचा नेम किती अचूक होता हे मला एकट्यालाच माहीत होतं.

परतताना काका या कशावर काही बोलत नसत. दम नाही, ठीक. पिस्तूल चुकलं, ठीक. ते फक्त एकच विचारत, "आणि तो गेटवरचा? त्याच्याबद्दल कोणी काही म्हणालं?" मी म्हणायचो, नाही. पहिले दोन-तीन रविवार असेच गेले, आणि ते इतके उतरले की सासूबाईंना वाटलं, पोट बिघडलंय.

आणि मग एका रविवारी हेडमास्तरांच्या पत्नी स्वतः वाचनालयात आल्या. पुस्तक परत देताना त्यांचे डोळे लाल होते. त्या म्हणाल्या, काल रात्री आमच्याकडे कोणी जेवलं नाही. त्या दौलतला का मारलं? काय वाकडं केलं होतं त्यानं कोणाचं? जणू बांध फुटला. कॉलेजातली मुलगी म्हणाली, मी पण तिथे पुस्तक मिटलं, दोन दिवस उघडलंच नाही. दम नाही म्हणणारे डॉक्टर म्हणाले, ते चार पानांचं प्रकरण मात्र डोक्यातून जात नाही, हे शॉकिंग आहे, लेखकाला पत्र लिहायला पाहिजे. हेडमास्तर तर चिडलेच. कथेला गरज नसताना माणूस मारणं हा निव्वळ क्रूरपणा आहे, असा लेखक विकृत असला पाहिजे, असं त्यांनी टेबलावर बोट आपटून सांगितलं. विकृत लेखक वर्तमानपत्रामागे डोळे पुसत होता.

मला वाटलं, त्यांना लागलं. वाटेत मी समजूत घातली की एवढं काय, दुसरी आवृत्ती निघेल तेव्हा दौलतला वाचवा, जखमी करा, सगळे खूष होतील. काका रस्त्यातच थांबले. त्यांचा आवाज चढलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"तो मेला आहे. त्याला मी कुठून वाचवू?"

मग त्यांनी सांगितलं. दौलत त्यांच्याच खात्यातला जॉबर. बाकी सगळं काकांनी बनवलं होतं, ते एक नाव बदलायला हात धजावला नव्हता. दुसऱ्या पाळीनंतर मिलमागच्या अंधाऱ्या गल्लीतून जायची काकांची छाती नसे, म्हणून दौलत रोज आपली वाट सोडून त्यांना मोठ्या रस्त्यापर्यंत पोचवी. गल्लीच्या तोंडाशी एक दांडगा कुत्रा असे. दौलत दरवेळी म्हणायचा, "चला बाबूजी, कुत्ता बांधलेला आहे." कुत्रा कधीच बांधलेला नसायचा. दोघांनाही ते माहीत होतं. मिल बंद झाल्यावरही दौलत भोंग्याच्या वेळेला खाकी कपडे घालून गेटसमोरच्या बाकावर येऊन बसत राहिला, आज ना उद्या गेट उघडेल म्हणून. आणि एका थंडीच्या दिवशी तो तिथेच बसल्या बसल्या गेला. लोकांना वाटलं, डोळा लागलाय. दिवेलागणीला चहावाल्यानं हलवलं तेव्हा कळलं. काकांनी दुसऱ्या दिवशी वाचनालयात जाऊन सगळ्यांना सांगितलं, आमचा दौलत गेला. "कोण दौलत?" एकानं विचारलं. दुसरा म्हणाला, चला, सुटला बिचारा. आणि मग सगळे क्रिकेटकडे वळले.

"कोणाला काही वाटलंच नाही रे," काका म्हणाले. "म्हणून मी बॉम्ब ठेवला."

आयुष्यभर फटाक्याला घाबरलेल्या माणसानं एका जॉबरसाठी कुठून कुठून गोळा करून तो बॉम्ब बनवला होता, तोही चुकीचा.

पण गोष्ट इथे संपली नाही, कारण सुभेदार. पिशवीतला बॉम्ब एवढा फुटू शकत नाही हे त्यांच्या डोक्यातून जाईना. पुस्तकात गेटचं वर्णन इतकं बारीक होतं, गंजलेली साखळी, पिंपळाचं रोप, मोडका बाक, की त्यांना ते गेट ओळखता आलं, आणि एका दिवशी ते सायकल काढून जागा तपासायलाच गेले. पुढच्या रविवारी वाचनालयात आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. ते उभ्यानंच बोलू लागले.

"मी गेलो होतो तिथे. चहावाल्याला विचारलं, बॉम्ब कुठे फुटला. तो म्हणाला, कैसा बॉम्ब? पण दौलत होता. खराच होता. त्याच बाकावर बसून मेला, आणि शामतक कोणाला पता नाही लागलं." त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "मी पलटनीत लई मरण पाहिलं. असं नाही पाहिलं. लिहिणारा तिथलाच कोणी आहे."

हेडमास्तरांच्या पत्नींनी तोंडावर पदर धरला. आणि मग वर्तमानपत्राची घडी झाल्याचा आवाज आला. काका उभे राहिले होते.

"मी लिहिलंय," ते म्हणाले.

डॉक्टर हसले. मग मुलगी हसली. हेडमास्तर मायेनं म्हणाले की काका, बसा, तुम्ही तर कुकरला घाबरता. काकाही कसनुसं हसले आणि बसू लागले. मी शपथ मोडायला तोंड उघडणार, एवढ्यात सुभेदार त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. ते हसले नव्हते.

"दौलत चहा कसा घ्यायचा?"

"कपातून नाही. बशीत ओतून. आणि पहिली बशी समोरच्याला द्यायचा."

सुभेदारांनी मान डोलावली. चहावाल्यानं त्यांना तेच सांगितलं होतं. त्यांनी काकांचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. हसणारे एकेक करून गप्प झाले. दोन वर्षांपूर्वी याच खोलीत "कोण दौलत?" असं विचारणारे कोण होते, ते ज्याचं त्याला आठवलं असावं. डॉक्टर खाली बघत होते. शेवटी हेडमास्तर हलक्या आवाजात म्हणाले, काका, आम्हाला सांगायचं होतंत. काका म्हणाले, सांगितलं होतं.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं नेहमीच्या वाटेनं परतलो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक तपकिरी कुत्रा पाय पसरून पडलेला असे आणि काका त्याला टाळण्यासाठी रोज मोठा वळसा घालत. त्या दिवशीही तो होता. मोकळाच होता. काका थबकले आणि सवयीनं वळशाकडे वळले. मी त्यांचा दंड धरला.

"चला काका," मी म्हणालो, "कुत्रा बांधलेला आहे."

त्यांनी कुत्र्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि माझा हात घट्ट धरून सरळ चालू लागले. कुत्र्यानं फक्त एक कान हलवला. त्यानंतर ते होते तोवर दर रविवारी मी ते वाक्य म्हणायचो आणि आम्ही त्या कुत्र्यावरून जायचो. कुकरला मात्र ते शेवटपर्यंत घाबरले. आता काका नाहीत, दुसरी आवृत्ती कधी निघालीच नाही, आणि तो कुत्राही कधीच गेला. तरी त्या गल्लीत वळताना एकटा असलो तरी मी अजून ते वाक्य म्हणतो.