गेरू-चुन्याची पायवाट

"मॅडम, रूट तयार हाय. सायबास्नी म्हनावं, इन्स्पेक्शनला कवाबी या."

सुभेदार आबा सावधान उभे होते. मागे त्यांचे दोन दोस्त, तेही रिटायर्ड फौजी, हातात खराटे घेऊन. मी समोरची पायवाट बघितली आणि कपाळावर हात मारून घेतला.

रहिमतपूरच्या बाजूला डोंगरावर आमचं लहानसं राखीव जंगल आहे. मी तिथली रेंजर. लोकांना फिरता यावं म्हणून आम्ही त्यात निसर्गवाट आखली होती. निसर्गवाट म्हणजे बाग नव्हे. पाऊल टाकण्यापुरती जागा करायची, बाकी जंगल जसंच्या तसं ठेवायचं. आबा रोज सकाळी तिथे यायचे. बायको गेल्यापासून घरात करमत नाही म्हणायचे. वाटेत पडलेलं प्लास्टिक न सांगता उचलायचे.

मी ट्रेनिंगला बाहेरगावी होते. तेवढ्यात आमचे डीएफओ, म्हणजे विभागाचे मोठे वनाधिकारी, वाट बघायला येणार असल्याचं आबांच्या कानावर गेलं. साहेब येणार म्हटल्यावर फौजेत काय करतात? गेरू आणि चुना! पहिल्या वळणापर्यंतच्या झाडांना कमरेएवढा गेरू, वर चुन्याचा पट्टा. कडेचे दगड पांढरेशुभ्र. पालापाचोळा झाडून ढीग लावलेला. करवंदीच्या जाळ्या छाटून सपाट. आता फक्त छावणीचं गेट बसवायचं राहिलं होतं.

राखीव जंगलात परवानगीशिवाय झुडूप तोडणं हा गुन्हा आहे. साहेबांना फोन करणं भाग होतं.

"पीओआर फाडा," साहेब म्हणाले. पीओआर म्हणजे आमच्या खात्याचा एफआयआर समजा.

"सर, वयस्कर माणूस आहे. प्रेमानं केलंय."

"प्रेमानं तोडलेली करवंद परत उगवते का?"

"उगवते सर. मुळं शाबूत आहेत."

"सोमवारी येतो मी. तेव्हा बघू."

आबांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पार उतरला. फौजेत शिक्षेची नोंद लाल शाईनं होते. "सगळ्या सर्विसमदी एक रेड एंट्री न्हाई माजी. आता गावात तोंड कसं दावू?" मला फार वाईट वाटलं. त्यात आपलं चुकलं काय, हेच त्यांना कळलं नव्हतं. "केर काढला, त्यो गुन्हा व्हय?"

मी त्यांना वळणापलीकडे नेलं. तिथे खराटा पोचला नव्हता.

"समोर काय दिसतं आबा?"

"पाला."

"नीट बघा."

रातवा नावाचा पक्षी घरटं बांधत नाही. जमिनीवर पाल्यातच अंडी घालतो. पिसं पाल्याच्याच रंगाची, त्यामुळे दिवसभर निवांत उबवत बसतो. आबा बराच वेळ बघत राहिले. मग त्या पाल्यात एक पापणी हलली.

"आयला, कॅमोफ्लाज!" आबा पुटपुटले. "आन् आमी तिकडं हिच्या भैनींचं कव्हर उडवलं."

ढीग जाळला नव्हता, एवढं नशीब. तिघांनी पाला परत पसरला. अगदी एकसारखा, कडा दोरीत! मला तो पायानं विस्कटावा लागला. झाडं ओल्या तरटानं पुसली, तरी थोडा गेरू राहिलाच.

सोमवारी आबा कोटावर मेडल लावून आले आणि साहेब जीपमधून उतरताच पुढे झाले.

"सर, चूक माजी. हुकूम न घेता केलं. एंट्री मारा."

साहेबांनी झाडं बघितली, पाला बघितला, मग आबांकडे बघितलं. "पीओआर नको. लेखी समज द्या," ते मला म्हणाले. मग आबांना, "विणीच्या दिवसांत वळणापलीकडची वाट बंद. कुणाला आत सोडायचं नाही. जमेल?"

"येस सर!"

"हळू," आम्ही दोघंही एकदम म्हणालो.

पुढच्याच आठवड्यात सांगलीच्या एका ट्रेकिंग ग्रुपनं तक्रार केली, एक म्हातारा वाटेत स्टूल टाकून बसतो आणि परत पाठवतो. मी बघायला गेले. आबा उठले आणि माझ्यापुढे हात आडवा केला.

"आबा, मी रेंजर आहे."

"ठाव हाय मॅडम. पन बाई अंड्यावर बसलीया. पिल्लं उडाली की या."

फौजीला नुसता हुकूम देऊ नये, कारणही सांगावं. मात्र मग तो आपल्यालाही सोडत नाही. मी मुकाट्यानं परत फिरले.