लोहाऱ्याचा पाहुणा

दिग्रसहून यवतमाळला येणाऱ्या एसटीत एक गृहस्थ माझ्या शेजारी बसला होता. मांडीवर पिंजरा आणि पिंजऱ्यात जिवंत उंदीर! थंडी बोचत होती. त्यानं कानांवरचा मफलर सोडला आणि पिंजऱ्याला गुंडाळला. खड्डा आला की तो पिंजरा उचलून धरायचा.

आमच्या घरच्या उंदरांनी नुकतीच माझी रजई कुरतडली होती. मी चिडून विचारलं, "मारत काहून नाही याले?"

"थंडीपायी घरात आला बिचारा. कायले मारू? गावात सोडला तं वापस येते. वाटेत लोहारा लागते, तिथं सोडतो. तिकडं पक्की घरं हायेत."

"अहो, मी लोहाऱ्यातच राहतो!"

वाटलं, आता ओशाळेल. उलट त्याचा चेहरा खुलला. पिंजरा माझ्या मांडीवर ठेवत तो म्हणाला, "मंग तं चिंताच मिटली जी! मफलर राहू द्या. त्याले रात्री थंडी वाजते."