जिंतूरच्या मैदानावर सत्तर फेऱ्या

आई गेल्यानंतरही पहाटे पाचला मला जाग येतच राहिली. सहा वर्षं ती अंथरुणाला खिळून होती आणि पाच वाजता तिची कूस बदलून द्यायची असे. आता पलंग रिकामा होता. भाऊ दिवस-कार्य आटोपून पुण्याला निघून गेला होता आणि शाळेला वेळ होता. त्रेचाळिसाव्या वर्षी मला प्रश्न पडला की सकाळचे इतके तास करायचं काय.

मग मी चालायला लागले. चालण्याचं हळूहळू पळणं झालं. पुढे एक जुनी, बारीक चाकांची सायकल घेतली. जिंतूरसारख्या गावात एकटी राहणारी शिक्षिका हेल्मेट घालून परभणी रस्त्याला सायकल हाणते म्हटल्यावर लोक पहिले दोन महिने वळून बघतात, नंतर बघायचं सोडतात. खरं सांगायचं तर ते सोडलेलं मला जास्त लागलं.

पोहणं वडिलांनी लहानपणीच गावच्या विहिरीत शिकवलं होतं, पाठीला भोपळा बांधून. येलदरीच्या धरणात उतरले ती जवळजवळ तीस वर्षांनी. तिथं मासे धरणारा एक माणूस, वयाने माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा, आपला तराफा घेऊन माझ्या बाजूने यायला तयार झाला. थर्माकोलच्या तुकड्यांवर पोतं शिवून केलेला तराफा होता तो.

पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "ताई, मासे धरायचे न्हाईत, पल्याड तुमचं शेत न्हाई. मंग कशापायी पोहायलाय?"

मी म्हणाले, "सवय व्हावी म्हणून."

त्याने मान हलवली. पटलं नव्हतं, पण पुढे कधी विचारलं नाही.

मोबाईलवर समुद्रकाठच्या एका शर्यतीची माहिती मिळाली. दोन किलोमीटरला थोडं कमी पोहायचं, मग नव्वद किलोमीटर सायकल आणि शेवटी एकवीस किलोमीटर पळायचं, सगळं एका दमात. मी नाव नोंदवलं. घरात सांगायला कोणी नव्हतं, म्हणून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या रविवारभोवती पेनाने गोल केला. वर्षभर तयारी केली. आणि शर्यतीला बारा दिवस असताना पेपर तपासायच्या कामाचा आदेश आला, नेमका शर्यतीला जाण्यायेण्याचे तेच तीन दिवस धरून.

मुख्याध्यापकांकडे गेले. ते माणूस म्हणून चांगले. म्हणाले, "मॅडम, घरात कुणी आजारी असतं तर मीच तुमच्या जागी दुसरं नाव दिलं असतं. पण शर्यतीसाठी म्हणून वर काय लिहू?"

घरात आजारी पडायला कोणी राहिलंच नाही, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी "बरं सर" म्हणून बाहेर आले.

तो रविवार मी पेपर तपासण्यात घालवला. त्याच्या पुढच्या रविवारी तेवढंच अंतर इथंच, एकटीने पुरं करायचं ठरवलं. एप्रिल संपत आला होता. दुपारी डांबर मऊ पडत होतं.

सहा वाजता पाण्यात उतरले. तराफा डाव्या हाताला होता. काठापासून पाण्यात उभ्या असलेल्या एका वाळक्या झाडापर्यंत जायचं आणि परत यायचं, अशा तीन खेपा. वरचं पाणी कोमट होतं, हातभर खाली गार. दुसऱ्या खेपेला हात जाळ्याच्या दोरीत अडकला आणि मी घाबरून पाणी प्याले.

"उगी, उगी. हात ढिला सोडा," तो म्हणाला आणि वाकून दोरी सोडवली. "आता बास करता का?"

"नाही."

"मंग चला."

काठावर आल्यावर त्याच्या झोपडीत कपडे बदलले. तो म्हणाला, "आज लय येळ पोहलात." आज काय आहे ते मी त्याला सांगितलं नव्हतं. आताही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने काय केलं असतं, हा विचार नंतर सायकलवर बराच वेळ डोक्यात होता.

सायकलचा पहिला तास बरा गेला. जिंतूर मागे पडलं, परभणीचा रस्ता लागला. दोन्ही बाजूंची रानं नांगरून पडलेली, काळी, भेगाळलेली. एसटी बाजूने गेली की गरम हवेचा झोत अंगावर यायचा. परभणीच्या बरंच अलीकडून वळायचं होतं. वळून सात-आठ किलोमीटर आले असेन, तेवढ्यात मागचं चाक बसलं.

बाभळीच्या सावलीला एक मेंढपाळ कुटुंब थांबलं होतं. तिथंच सायकल उलटी केली. मेंढरं माना खाली घालून एकमेकांच्या सावलीत उभी होती. कुटुंबातली बाई, वयाने माझ्याएवढीच, जवळ येऊन बसली आणि माझं ट्यूब बदलणं बघत राहिली.

"कुणाकडं चाललीस बाई इतक्या उन्हाचं?"

"कुणाकडं नाही. जिंतूरलाच राहते. जाऊन परत येतेय."

"कशाला गेली व्हतीस?"

"कशालाच नाही."

ती उठली. पालातून तांब्याभर ताक आणि एक कांदा घेऊन आली. "भांडून निघालीस का घरून?"

"भांडायला कोणी नाही," मी म्हणाले आणि हसले. ती हसली नाही. मी ताक पिऊन होईस्तोवर तिने सुलटी करून उन्हात उभ्या केलेल्या सायकलच्या सीटवर हात ठेवला होता, ऊन लागून तापू नये म्हणून. निघताना म्हणाली, "सावलीसावलीनं जा." त्या रस्त्याला पुढे दहा किलोमीटर झाड नव्हतं.

शाळेच्या मैदानावर पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते. रस्त्याने पळण्यापेक्षा इथं पाणी जवळ म्हणून मैदान निवडलं होतं. एक फेरी तीनशे मीटरची, म्हणजे सत्तर फेऱ्या. मोजण्यात चूक नको म्हणून कडुनिंबाखालच्या ओट्यावर दोन वाट्या आणि सत्तर चिंचोके आदल्या दिवशीच ठेवले होते. दर फेरीला एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत टाकायचा. शेजारी पाण्याचा जार आणि येता येता सरबताच्या गाड्यावाल्याकडून आणलेला बर्फ पोत्यात गुंडाळून ठेवलेला.

शाळा मी इतकी रिकामी कधी पाहिली नव्हती. वर्गांना कुलपं. झेंड्याच्या खांबाची दोरी वाऱ्याने खांबावर आपटत होती, तेवढाच आवाज. सुरुवातीच्या फेऱ्यांत मी मनातल्या मनात आईशी बोलत होते. ती विचारायची तसंच विचारत होती, जेवलीस का, दार लावलंस का. वीस फेऱ्यांनंतर तेही बंद झालं.

तिसाव्या फेरीच्या आसपास भर उन्हात अंगावर काटा आला. थंडी वाजल्यासारखं झालं. कपाळाला हात लावला तर कोरडं. घाम थांबला होता, आणि हे चांगलं नाही एवढं मला माहीत होतं. ओट्यावर आडवी झाले, ओला टॉवेल अंगावर टाकला, बर्फ मानेला आणि काखेत धरला. इथं काही झालं तर उद्या सकाळची घंटा द्यायला शिपाई येईपर्यंत कुणाला कळणार नाही, हे तेव्हा अगदी स्वच्छ डोळ्यांसमोर आलं. मोबाईल हातात घेतला. कुणाला लावायचा हे ठरेना. भाऊ तीनशेहून जास्त किलोमीटर लांब. शेजारच्या बाईंना काय सांगणार, मी मैदानावर झोपलेय म्हणून?

ठरवलं की अर्ध्या तासात घाम आला नाही तर सायकल तिथंच टाकून रिक्षाने दवाखाना गाठायचा. मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पीत राहिले. वीसेक मिनिटांनी ओठावर खारट लागलं. आणखी दहा मिनिटं पडून राहिले. मग उठून पुढच्या दहा फेऱ्या नुसत्या चालले. दर फेरीला डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं.

पुढचं फारसं आठवत नाही. एक प्रसंग मात्र पक्का आठवतो. अठ्ठावन्नाव्या की एकोणसाठाव्या फेरीला वाटीजवळ आले आणि कळेना की मागच्या वेळी चिंचोका टाकला होता की टाकायचा राहिला. किंवा दोन टाकले. उभं राहून दोन्ही वाट्या दोनदा मोजल्या, पण त्यातून काय कळणार? विचारायला कोणी नव्हतं. सत्तर झाल्यावर एक फेरी जास्त पळायची, एवढंच हातात होतं. मी ती पळाले. ओट्याला हात लावला आणि थांबले.

तीन वाजत आले होते. संपल्यावर काहीतरी वाटेल असं वर्षभर धरून चालले होते. भूक लागली होती, एवढंच वाटलं. सायकल हातात धरून घरी गेले. अर्धं कलिंगड उभ्या-उभ्या खाल्लं.

संध्याकाळी भावाला फोन केला. आधी त्याने त्याच्याकडच्या पाण्याच्या टँकरचं सांगितलं. मग मी सगळं सांगितलं, घाम थांबल्याचंसुद्धा.

"आई असती तर तुला धुतलं असतं," तो म्हणाला.

"हो."

"आमच्यापैकी कुणाला तरी सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर आला असतास?"

"नसतो आलो," तो म्हणाला. "पण मधे मधे फोन केला असता."

एवढं खरं तो आई गेल्यापासून माझ्याशी बोलला नव्हता. फोन ठेवल्यावर मी रडले, फार नाही.

सोमवारी सकाळची शाळा होती. जिना चढताना कठडा धरावा लागला. मागून येणाऱ्या सहकारी बाईंनी विचारलं, "मॅडम, पाय दुखायलेत का? काय झालं?"

सांगावं असं पहिल्यांदाच वाटलं. मी थांबले, तोंड उघडलं, तेवढ्यात घंटा झाली. त्या घाईने त्यांच्या वर्गावर गेल्या, मी माझ्या. मधल्या सुट्टीत आम्ही एकाच बाकावर बसून डबा खाल्ला. त्या विचारलेलं विसरून गेल्या होत्या.