टक्क्यांचे पेढे

आमच्याकडे लेकराला चारचौघांत न्यायचं तर तेल-फणी करून, नवा झगा घालून आणि चार गोष्टी शिकवूनच नेतात. माझ्या मुलीला आधाराशिवाय चालता येत नाही, बोलणं घरच्यांनाच कळतं, घास भरवावा लागतो. तरी भातकुलीहून अमरावतीला बोर्डासमोर न्यायचं ठरलं तशी सासूबाईंनी तिच्याकडून नमस्काराची आणि नाव सांगायची तालीम सुरू केली. डॉक्टरसमोर नातीची फजिती होऊ नये, एवढंच त्यांच्या मनात.

बोर्ड म्हणजे डॉक्टरांची समिती. त्यांनी अपंगत्वाचे चाळीस टक्के लिहून दिले, तरच राजापेठेतल्या एका केंद्रात तिला रोजचा व्यायाम फुकट मिळणार होता. व्यायाम नाही मिळाला तर पाय आखडतील, मग उभंही राहता येणार नाही, असं तिथल्या बाईंनी स्पष्टच सांगितलं होतं.

आणि नेमकी त्या दिवशी पोरीनं कमाल केली. हात जोडले, नाव सांगितलं, आजीनं दंड धरल्यावर पावलंही टाकली. डॉक्टर खूश. पोरगी छान आहे म्हणाले आणि टक्के कमी लिहिले. बाहेर आल्यावर सासूबाई मलाच विचारतात, कशी बोलली पोरगी? कपाळ माझं!

मग फेरतपासणीसाठी चकरा. कधी डॉक्टर रजेवर, कधी कॉम्प्युटर बंद. कोणीतरी सांगितलं अकोल्याला लवकर होतं, म्हणून तिला कडेवर घेऊन एसटीनं अकोल्याला गेले, तर म्हणे तुमचा जिल्हा अमरावती, तिकडेच जा. आग लागो त्या टक्क्यांना! तोवर तिची डावी टाच जमिनीला टेकेनाशी झाली होती. मला रडू नाही, संताप यायचा.

शेवटी पुन्हा तारीख मिळाली. केंद्रातल्या बाईंनी बजावलं होतं, यावेळी काही शिकवू नका, जे येत नाही तेवढंच सांगा. पोरीला मांडीवर घेऊन मी सांगत बसले. हिला जेवता येत नाही. हिला उभं राहता येत नाही. हिला शी-शू सांगता येत नाही. डॉक्टर लिहीत होते आणि पोरगी माझ्या तोंडाकडे पाहत होती. तिला सगळं कळतं, हे कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

टक्के भरपूर मिळाले. नवऱ्यानं येताना पेढे आणले. पोरीचं काम झालं म्हणून सासूबाईंनी देवापुढे ठेवले, शेजारी वाटले. मग डबा नातीपुढे धरून म्हणाल्या, "घे वं माय, तुह्या हातानं घे."

पोरीनं हात मागे घेतला. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "येत नाई."

इतकं स्पष्ट ती आजवर कधी बोलली नव्हती.