सोनाजी आणि बसऱ्याचा उंट

सांडूअण्णांच्या घरात देवघराशेजारी एक फ्रेम होती. आत पिवळा पडलेला उर्दू कागद, खाली गोल शिक्का. आज्याला इराकातल्या बसऱ्याच्या लढाईत मिळालेली शौर्याची सनद, असं अण्णा सांगत. आजा म्हणजे सोनाजी वल्द धोंडिबा. कन्नड तालुक्यातला शेतकरी गडी, पहिल्या महायुद्धात गेला आणि उजव्या पायानं लंगडत परत आला. त्यानं सात जर्मन कापले, आठव्यानं त्याला गोळी घातली. अण्णांच्या वडिलांच्या काळी जर्मन तीनच होते. बसऱ्याला तर तुर्कांशी लढाई झाली, असं नात संस्कृतीनं एकदा पुस्तकात बघून सांगितलं, तेव्हा अण्णा म्हणाले, "पुस्तकवाला गेला होता का तिथं?"

अण्णांनी तीस वर्षं साखर कारखान्याच्या गेटवर नोकरी केली. शिपायाचा नातू म्हणून मिशा राखल्या आणि उसाच्या गाड्यासुद्धा सलामी घेतल्यासारख्या आत सोडल्या. रिटायर झाल्यावर ते बायको सारजाबाईसह शहरात मुलाकडं, ऋतुराजकडं राहायला आले, तेव्हा फ्रेम मांडीवर घेऊनच आले. दरवर्षी खंडेनवमीला ती विळा-कुऱ्हाडीशेजारी पूजेत बसायची. भावकी जमायची आणि अण्णा लढाई सांगायचे.

मग कुणबी नोंदी शोधायचे दिवस आले. संस्कृतीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला दाखला हवा होता. सगळी भावकी कागद हुडकत होती, पण त्यांच्या गावच्या जुन्या रजिस्टरची नेमकी हवी ती पानं वाळवीनं खाल्लेली. फौजेतला कागद चालेल, असं कुणीतरी सांगितलं. सूनबाई मंजुषा फ्रेम पुसता पुसता थांबली.

"अण्णा, यावर जात लिहिलेली असंल का हो?"

"असंल की."

"कुणी वाचलंय का हे?"

"वाचायचं कशाला? काय लिहिलंय ते ठाऊक हाय ना आपल्याला."

दुसऱ्या दिवशी फ्रेम चादरीत गुंडाळून अण्णा एसटीनं खुलताबादला गेले. तिथं मुनीरोद्दीन मास्तर राहत. उर्दू शाळेतून रिटायर झालेले, जुन्या कागदांची भाषांतरं करून देत. मास्तरांनी चष्मा लावला, ओठ हलवत कागद वाचला. परत एकदा वाचला. मग आत चहा सांगितला.

"सांडूभाऊ, ये सनद नहीं है. दवाखान्याचा कागद आहे."

"गोळी लागली होती ना."

"गोळी नाय यात." मास्तरांनी ओळीवर बोट ठेवलं. "सोनाजी वल्द धोंडिबा, कौम, म्हणजे जात, कुणबी. उंटांच्या तुकडीत चारापाण्याच्या कामावर. उंट चावल्यामुळं जखमी."

अण्णांनी मास्तरांच्या बोटाखालची ओळ निरखली. "मांडीला?"

"मांडीच्या जरा वर. मागून."

चहा आला. अण्णांनी तो बशीत ओतला आणि प्यायचा विसरले.

"कुणबी लिहिलंय, हे नक्की?"

"साफ लिहिलंय. उंटबी साफ लिहिलाय."

"मास्तर, भाषांतरात नुसतं जखमी लिहिलं तर?"

"चाळीस साल बच्चों को इमला लिखवाया, शुद्धलेखन, सांडूभाऊ. एक अक्षर गाळलं तर मार्क कापत होतो. आता अख्खा उंट गाळू?" मास्तर पुढं वाकले. "और सुनो, खाली तुमच्या आजोबांचा जबाब आहे."

चावणारा उंट तिथं गोळी घालून मारत असावेत. कारण सोनाजीनं सांगितलं होतं: चूक माझी. त्याच्या पाठीला खोगिरानं जखम झाली होती, मी मागून न सांगता हात लावला. उंटाला मारू नये. बरा झालो की तोच उंट मला द्यावा. त्याखाली अंगठा, आणि साहेबाच्या हातचा एकच शब्द: मंजूर.

भाषांतर घेऊन अण्णा घरी आले ते सरळ आतल्या खोलीत जाऊन बसले. सारजाबाईंनी पाणी नेऊन दिलं आणि हळूहळू सगळं काढून घेतलं. ऐकून त्या तोंडाला पदर लावून हसल्या. मग म्हणाल्या, "तरीच. सासूबाई सांगायच्या, फिरस्त्या राबाऱ्यांचे उंट गावाबाहेर उतरले की म्हातारा गुळाचा खडा घेऊन जायचा. कशाला जातो, ते कुणाला सांगायचा नाय."

"मला कुणी बोललं नाय हे."

"तुम्ही जर्मन मोजत होता."

बातमी भावकीत पसरायला एक दिवस लागला. चुलतभाऊ पुंजारामचा गावाकडून फोन आला. "सांडू, आख्ख्या भावकीची अब्रू उंटाच्या तोंडी दिलीस तू. तो कागद देऊ नको. दुसरा हुडकू."

"कुठं हुडकतो? वाळवीच्या पोटात?"

"माझ्या पोराची सोयरीक चाललीय. पाव्हण्यांना मी सात जर्मन सांगितलेत."

दोन दिवस अण्णा धड जेवले नाहीत.  संस्कृतीनं अर्जाची शेवटची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं गोल केली, तीही अगदी फिकट. तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी मिशा विंचरल्या आणि तिला घेऊन दाखल्याचं सरकारी कार्यालय गाठलं.

खोलीत पन्नासेक माणसं. कारकुनानं भाषांतर मोठ्यानं वाचायला घेतलं आणि उंटापाशी त्याचा आवाज अडखळला. मागं कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले. संस्कृतीनं मान खाली घातली.

अण्णा गेटवरच्या आवाजात म्हणाले, "माझा आजा हाय तो. पुढचं पण वाचा."

कारकुनानं जबाब वाचला. मागची माणसं ऐकायला पुढं सरकली. कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं. "मग दिला का त्यांना तोच उंट?"

"मंजूर लिहिलंय की."

"चांगलं झालं," म्हणत त्यानं कागदावर शिक्का मारला.

दाखला वेळेत आला आणि संस्कृतीचा प्रवेश झाला. पुढच्याच आठवड्यात पुंजाराम पिशवी घेऊन दारात उभा. भावकीतले त्रेचाळीस जण अर्ज करणार होते आणि वंशावळीत सगळ्यांच्या डोक्यावर सोनाजीच होता. म्हणजे प्रत्येकाच्या अर्जाला उंट जोडणं आलं. दोघं शहरातल्या औरंगपुऱ्यात झेरॉक्सच्या दुकानात गेले. मशीन प्रती काढत होतं, तोवर पुंजारामनं भाषांतर पहिल्यांदाच नीट वाचलं, अगदी शेवटपर्यंत.

"सांडू," तो हळूच म्हणाला, "सोयऱ्यांना सांगितलं मी खरं. पाव्हणा म्हणाला, जर्मन तर कुणीबी कापलेले सांगतं."

"मग जमली का सोयरीक?"

"जमली. पण पाव्हण्यानं एक विचारलंय." त्यानं कागद उलटून मागची बाजूही पाहिली. "उंटाचं नाव काय होतं?"

"लिहिलेलं नाय."

"मास्तरला परत एकदा विचार की. एखाद्या कोपऱ्यात असंल."