नव्या केबिनींचा कागद

सौदीतल्या कतीफच्या बाहेर, खजुराच्या बागा संपतात तिथे आमचा कॅम्प होता. पत्र्याच्या पोर्टा केबिनींच्या ओळी. मी रत्नागिरीकडचा सुतार. माझ्या खोलीत रायगडचे एक वेल्डर होते, साठीला टेकलेले. त्यांना सगळे चाचा म्हणत. त्यांनी केबिनीच्या सावलीच्या बाजूला जुन्या डब्यांत पुदिना लावला होता आणि चारही ओळींतली माणसं चहापुरती पानं खुडून न्यायची.

एसीचं पाणी वर्षानुवर्षं केबिनींच्या खाली मुरत होतं. एके दिवशी आंघोळीला जाताना चाचांचा पाय तळाच्या कुजलेल्या प्लायवूडमधून आरपार गेला. नडगी फाटली, टाके पडले. कॅम्प बॉसने मला एक फळी आणून दिली. "ठोक वरून," म्हणाला.

त्याच सुमारास बातमी आली की जुन्या केबिनी बदलायला सरकार कंपन्यांना अनुदान देणार आहे. अट एवढीच, की राहणाऱ्यांना तिथून हलवायचं नाही, जागच्या जागी नवी केबिन द्यायची. आम्ही हरखलो. कॅम्प बॉस अरबीतला एक कागद घेऊन दारोदार फिरला. "यल्ला, चला, सही करा. नवीन घरं हवीत ना?" आम्ही सह्या केल्या. चाचांनी तर नाव अगदी घोटून लिहिलं.

आठवड्याभराने मला हुकूम आला, पहिल्या ओळीतल्या केबिनींत जमिनीवर लाकडी नक्षीचं व्हिनाइल अंथरायचं.

"खालचा प्लाय आधी बदलायला हवा," मी म्हटलं.

"तुला विचारलं का?"

मी अंथरलं. कुजक्या लाकडावर गोंद लावला, कडा साफ कापल्या, वर पट्ट्या मारल्या. बाहेरून दुसरे लोक रंग देत होते. इतकी वर्षं सुतारकाम केलं, पण हाताची एवढी लाज कधी वाटली नव्हती.

मग सरकारकडून तपासणी आली. डोक्याला स्कार्फ, हातात फाइल अशी एक तरुण सौदी इंजिनीअर बाई. कॅम्प बॉसने तिला पहिल्याच ओळीत फिरवलं आणि माझ्या व्हिनाइलवर उभं केलं. मी अवजारं घेऊन दाराशी, तिच्या शेजारीच होतो. तिने फाइल उघडली, त्यात आमच्या सह्यांचा तो कागद होता. लहानपणी मदरशात शिकलो म्हणून अरबी अक्षरं मला वाचता येतात, अर्थ मात्र क्वचितच कळतो. पण त्यातला एक शब्द मी ओळखला. स्टोअरमधून करवत नाहीतर ड्रिल घेतलं की पावतीवर तोच छापलेला असतो: मिळालं. त्याच्या पुढे होतं, नवीन.

म्हणजे नव्या केबिनी मिळाल्या, असं आम्हीच लिहून दिलं होतं! खाली चाचांचं घोटून लिहिलेलं नाव.

माझं डोकं फिरलं. मी मोडक्यातोडक्या अरबीत म्हणालो, "मॅडम, बाजूला व्हा." पट्टी उचकटली आणि व्हिनाइल टराटरा ओढलं. कॅम्प बॉस ओरडला, "वेडा झालास का?"

"मीच लावलं, मीच काढतोय!"

बाईने खाली वाकून लाकडावर अंगठा दाबला. तो ओल्या पावात जावा तसा आत गेला. ती कॅम्प बॉसला ओलांडून माझ्याकडे आली. मला म्हणाली, "बाकीच्या दाखव." मी चारही ओळी दाखवल्या. चाचांनी पायजमा वर करून नडगी दाखवली. तिने फोटो काढले, कागदावर लाल रेघ मारली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या ऑफिसात बोलावणं आलं. तिथला साहेब म्हणाला, "इकामा आमच्या हातात आहे, विसरू नकोस." इथे राहायचा तो परवाना कंपनीच्याच ताब्यात असतो, हे मी विसरलो नव्हतो. पण माफी मागितली नाही.

काही महिन्यांनी केबिनी आल्या. खऱ्या, नव्या, सिमेंटच्या ओट्यावर बसवलेल्या. पण त्याच्या पंधरा दिवस आधी चाचांची बदली लांब डोंगरातल्या खमीस मुशैतच्या साइटवर झाली. कारण विचारलं तर ऑफिसवाले म्हणाले, कामाची गरज. माझ्या हाताशिवाय कंपनीचं काम अडत होतं म्हणून मला ठेवलं, आणि ज्या माणसाचा पाय फाटला त्याला हलवलं. हलवायचं नाही ही सरकारची अट होती, ती कुणाला आठवली नाही. त्या बाईचा नंबर मिळवून मी फोन केला. ती म्हणाली, "मला दिलेल्या यादीत त्यांचं नाव नव्हतं." यादी कंपनीने बदलीनंतर दिलेली.

मी चाचांना फोनवर हे सांगताना शिव्या देत होतो. ते थंडीने खोकत होते.

"अरे बाबा, तुला मिळाली ना?"

"तुम्हाला नाही मिळाली, चाचा."

"असू दे."

नाही, असू देणार नाही. त्यांच्या नावाचा अर्ज मी इथल्या भारतीय शाळेत अरबी शिकवणाऱ्या एका मास्तरांकडून अरबीत लिहून घेतला आणि प्रत्येक ओळीचा अर्थ विचारूनच खाली सही केली. उत्तर अजून आलेलं नाही. दर रविवारी, इथे कामाचा आठवडा सुरू होतो त्या दिवशी, मी अनुदानाच्या सरकारी कार्यालयात जाऊन उभा राहतो, आणि खिडकीतला माणूस मला लांबूनच ओळखून अजून नाही अशी मान हलवतो.