सातव्या महिन्याचं दळण

पिंजाऱ्याच्या दुकानावरून जाताना पिंजलेल्या कापसाचा कोमट, धुरळट वास येतो आणि माझं पाऊल आजही अडखळतं. आईच्या पोटात मी सातच महिने राहिले. उरलेले दोन तिने मला कापसात गुंडाळून, छातीशी धरून पुरे केले. बोळ्याने थेंब थेंब दूध पाजून.

निजामाच्या राजवटीतलं, बालाघाटाच्या पायथ्याचं आमचं गाव. तिथे गढीतल्या बाईसाहेबांचा शब्द चाले. त्यांच्याकडे लग्न निघालं आणि वेठीचं दळण आईच्या वाट्याला आलं.

"सातवा सरत आलाय, बाईसाहेब. पोट लई जड हाय, बसवत न्हाई," आई म्हणाली. पोटात आम्ही दोघी आहोत, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

"पोटुशी बाया दळीत न्हाईत का? नखरे कावून करतीस?"

आठव्या दिवशी जात्यापाशीच कळा सुरू झाल्या. दोन मुली झाल्या. सुईणीने तळहातावर जोखून सांगितलं, एक शेरभर, एक सव्वा शेर. शेरभराची तिसऱ्या दिवशी गेली. मी राहिले. त्या पावशेरावर माझं सगळं आयुष्य उभं आहे. गढीवरून निरोप तेवढा आला, "पोरगीच व्हती न्हवं? मग रडतीस कशाला?"

मी सहा वर्षांची असताना बाईसाहेबांच्या सुनेला सातव्यातच मुलगा झाला. एवढंसं लेकरू जगवलेली बाई पंचक्रोशीत एकच होती. बाईसाहेब स्वतः आमच्या दारात आल्या. आईने जाऊ नये असं मला वाटत होतं. खोटं कशाला सांगू, ते पोर मरावं असंही वाटत होतं.

आई शांतपणे म्हणाली, "जगवते मी. पर त्याचे नऊ म्हैने भरेस्तोवर माझ्या घरचं दळण तुमी दळायचं. हितं, ह्या अंगणात."

आई रोज गढीवर जाई. सुनेच्या छातीशी लेकरू कापसात बांधून ठेवी, दूध पाजी. इकडे बाईसाहेब आमच्या जात्यावर बसत. पाण्याला निघालेल्या बाया घागरी टेकवून बघत उभ्या राहत. पहिल्याच आठवड्यात बाईसाहेबांच्या तळहातांना फोड आले.

"आज राहू दे ना गं," त्या मला, एवढ्याशा पोरीला, म्हणाल्या.

मी आणखी एक मूठ जोंधळा जात्यात टाकला. त्या क्षणाची गोडी अजून जिभेवर आहे.

दोन महिने भरले. मुलगा जगला, पुढे चांगला थोराड झाला. आईच्या म्हातारपणी एकदा मी विचारलं, "मन निवलं का गं तुझं?"

"न्हाई," ती म्हणाली. "तिचं जगलं. माझी एक गेली."

निजामी गेली. गढीच्या ढिगाऱ्यावर आता बाभळी माजल्यात, आणि त्या बघून मला हळहळ वाटत नाही. इतक्या वर्षांनी राग विरायला हवा होता, असं मुलं मला समजावतात. पण माझ्या बहिणीचं बारसं झालं नाही. तिचा चेहरा कुणाच्या लक्षात नाही, तिला पुरलेली जागाही नांगराखाली गेली. ती तीन दिवस होती, याची या जगात माझ्या रागाखेरीज दुसरी खूण नाही. तो विरला, तर ती पुन्हा एकदा जाईल.